जंगलाचा पडदा

डिचोलीत फ्लॅट घेतला तेव्हा मला वाटलं होतं, घर म्हणजे खोल्या. घर म्हणजे भिंती, हे माझ्या सासूबाईंनी पहिल्याच भेटीत शिकवलं. हॉलमधल्या सोफ्यावर अंग चोरून बसल्या, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या आणि दोन रात्री झाल्या तशा पिशवी भरून दारात उभ्या. "सिद्धी, भिंती खावक उठतत गो माका," म्हणाल्या आणि इब्रामपूरची बस पकडून गेल्या.

बाबा, म्हणजे माझे सासरे सगुण, गेल्यापासून आई इब्रामपूरच्या घरात एकट्याच. माझ्या नवऱ्याचा, निहारचा, जीव सदा टांगणीला. फोन उचलायला जरा उशीर झाला की हा चपला शोधायला लागायचा. त्याला आई इथे हवी होती, आणि खरं सांगते, मलाही हवी होती. बाई बोलायला तिखट, पण ती असली की घर भरल्यासारखं वाटतं. मग आम्ही ठरवलं, भिंती खायला उठतात ना, भिंतींची तोंडं बंद करू. चित्रं लावू.

बोलणं सोपं होतं. पणजीच्या एका प्रदर्शनात हातभर चित्राची किंमत विचारली आणि पाणी पिऊन परत आलो. चित्रात होता एक निळा ठिपका. "तेवढ्यात अख्खी बिल्डिंग निळी होईल," निहार स्कूटरवर बसता बसता म्हणाला. मग बाजारातून सात पांढरे घोडे आणले. स्वस्त, आणि म्हणे शुभ. आई आल्या, चष्मा पुसून त्यांनी घोडे निरखले. "इतके धावतत खंय? तेंका खावक कोण घालता?" घोडे बेडरूममध्ये गेले आणि आई इब्रामपूरला. त्यानंतर मी ऑनलाइन धबधबा मागवला. हे बिनआवाजाचं पाणी बघून घशाला कोरड पडते, असा त्यावर निकाल आला. मी हात टेकले.

जत्रेच्या तोंडावर निहारला गावातून बातमी लागली. दर जत्रेला आमच्या देवळासमोर नाटक होतं. त्याचे हाताने रंगवलेले पडदे जुने झाले होते, आता छापील येणार होते. रस्त्याचा पडदा आणि राजवाड्याचा पडदा कधीच फाटून गेले, उरला होता जंगलाचा. तो नाटक मंडळाने देवाला दिला होता आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पावणीत निघणार होता. पावणी म्हणजे देवळातला लिलाव. देवापुढचे नारळ, केळ्यांचे घड बोली लावून घ्यायचे आणि पैसे देवाला. भक्तीच्या भरात एखाद्या नारळाचा भाव आभाळाला भिडतो, पण मळक्या पडद्यावर कोण भक्ती करणार? भिंतभर चित्र मातीमोलाने मिळणार म्हणून आम्ही खूश होतो.

शिवाय पडदा बाबांचा. नट नव्हते ते. वर्षानुवर्षं आडोशाला उभं राहून त्या पडद्याची दोरी ओढायचे. नाटक संपलं की पडदा बांबूला गुंडाळून आमच्याच माळ्यावर यायचा. तो समोर दिसला तर आई डिचोलीत रमतील, अशी निहारची खात्री. त्यांना चकित करायचं म्हणून बोली त्याच्या मित्राने, योगेशने लावायची असं ठरलं. निहार त्याच्या मागे खांबाआड लपला. मी बायकांमध्ये मागे बसले, आई पुढच्या रांगेत, अगदी साळसूद.

पडदा निघाला. योगेश बोलला. लगेच पलीकडून आईंचा चुलतदीर जयराम बोलला. योगेश वाढला, जयराम वाढला. जयरामकाका म्हणजे बिडीसुद्धा दुसऱ्याची ओढणारा माणूस, त्याला जंगल कशाला हवं? लोक आधी हसले, मग चेकाळले. मी लांबून हातवारे करत होते, सोडू नको. निहार योगेशला कोपराने ढोसत होता. बोली घोड्यांच्या पुढे गेली, धबधब्याला मागे टाकून निळ्या ठिपक्याच्या आसपास पोचली. स्वस्तात चित्र घ्यायला आलेली आम्ही माणसं! तेवढ्यात लक्षात आलं की जयरामकाका दर बोलीआधी बायकांकडे बघतोय. कुणाकडे बघतोय ते मान लांब करून पाहिलं. माझ्या सासूबाई हनुवटी उडवून त्याला सांगत होत्या, वाढ!

मी माणसं तुडवत निहारपर्यंत पोचले. "अरे थांब! ती आई आहे!" योगेशने तोंड उघडलं होतं, त्यावर मी हात ठेवला. एक वार, दोन वार, तीन वार. जंगल जयरामकाकाच्या नावावर लागलं. देवापुढे बोललेली बोली मागे घेता येत नाही. मायलेकांनी मिळून चढवलेला भाव मायलेकांनीच मिळून भरला.

देवळाच्या पायरीवर निहार आईसमोर उभा राहिला. "आये, तुका कित्याक होयो तो पडदो?"

"त्या योगेशाच्या मागे तू होतंस?" आई आधी तडकल्या. मग खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. "तुमच्याकडे हाडूक होयो होतो. हंय माळ्यार एकटो पडता. ओल धरता, उंदीर लागतत. तेका टाकून मी थंय कशी रवतलंय? म्हणान दोन रात्री झाल्यो की पळान येतंय."

"आमच्याकडे आणायचा होता तर आम्हाला सांगायचं ना, आई," मी म्हटलं.

"नव्या घरात ह्यो मळको कपडो कोण लावतलो? तुमी नाय म्हटलं असता, तर माका सोसाक नसता."

मला फार वाईट वाटलं. ही बाई दर वेळी आमच्या भिंतींना नावं ठेवून जायची, कारण बाबांचं नाव घेतलं असतं तर तिला रडू आवरलं नसतं. आणि आम्ही तिच्यापुढे घोडे आणून उभे करत होतो.

पडदा आमच्या भिंतीहून कितीतरी मोठा निघाला. कापायचं नाव काढताच आई अंगावर आल्या. शेवटी बांबूसकट छताला टांगला. खालचा काठ गुंडाळूनही त्याची एक बाजू खिडकीवर आली आणि हॉलचा उजेड गेला. आम्ही भरदिवसा दिवा लावला.

दोन रात्री झाल्या. सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो, एकमेकांकडे न बघता. आई उठून पडद्यासमोर गेल्या. त्यातल्या झाडांवरून त्यांनी हात फिरवला.

"नाटक मी आयुष्यभर समोर बसान बघलंय," त्या म्हणाल्या. "निहारचो बापूस कायम मागे. थंयसून कसा दिसता, कधी विचारूकच नाय."

त्यांनी पडद्याची कड उचलली आणि मागे, खिडकीपाशी शिरल्या. खाली फक्त त्यांची पावलं दिसत होती. निहारने माझा हात धरला.

मग आतून हाक आली. "सिद्धी, माझी चा हंयच हाड गो. आणि एक खुर्ची हाड. ती हंयच रवांदे."