डाव्या हाताची थाप

नथूचा उजवा हात गेला तेव्हा वाडीनं आधी हळहळ केली ती ढोलाची, नथूची मागाहून. उंबरमाळीच्या डोंगरातल्या त्या वाडीत ढोल बडवणारे पुष्कळ होते, पण वाजवणारा एकच, असं नथू स्वतःच सांगत फिरायचा. कुणी ते खोडून काढत नसे, कारण ते खरं होतं. लाकडं गाडीत चढवताना एक ओंडका घसरला, पंजाचा चुरा झाला, आणि शहापूरच्या दवाखान्यातून तो परत आला तो मनगटापुढं काही नसलेला हात फडक्यात गुंडाळून.

बायको, गुणाबाई, आधीच गेलेली. घरात तो आणि लेक चिमी, एवढीच दोन माणसं. लग्नसराईत पूर्वी लोक त्याच्या दारात यायचे, आता त्याच्या धाकट्या भावाच्या, वाळूच्या दारात जाऊ लागले. वाळू वयानं धाकटा, ढोलाचा हातही धाकटाच. लोक वाईट नव्हते. नथूला बोलवायचे, पुढं बसवायचे, पोटभर वाढायचे. फक्त वाजायला लागलं की सगळ्यांचे डोळे वाळूकडं जायचे, आणि नथूला आपला थोटा हात कुठं ठेवावा ते कळायचं नाही. मग त्यानं जायचंच सोडलं. चिमीशीही बोलणं आटलं. भाकर झाली का, गाय आली का, एवढ्यावर बापलेकीचा दिवस सरायचा.

पोटाला म्हणून त्यानं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये पाणी भरायचं काम धरलं. तिथं कायतान नावाचा गोव्याचा माणूस असायचा. गाड्यांना सिग्नल द्यायचा आणि मधल्या वेळात बोलायला माणूस नाही म्हणून गिटार वाजवायचा. नथू कावड उतरवून दारात बसायचा. ते वाद्य त्याला आधी हसण्यासारखंच वाटलं, भोपळ्याला कंबर फुटावी तसं. पण बसायचा रोज. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

एके दिवशी कायताननं पाहिलं, नथूचा डावा हात आपल्या मांडीवर ठेका धरतोय. त्यानं गिटार सरळ नथूच्या मांडीवर ठेवली.

"मी काय करू हिचं? तार छेडायला हात नाय मला," नथू म्हणाला.

"छेडू नको. बोट मार."

कायताननं आपला उजवा हात पाठीमागं नेला आणि डाव्या हाताचं एकच बोट दांडीवरच्या तारेवर जोरानं हाणलं. तार बोलली. कुणी छेडली नव्हती, तरी बोलली. नथू बघतच राहिला.

"आवाज लहान येतो हां," कायतान म्हणाला. "खरं म्हणजे एकदा उजव्या हातानं छेडायची, मग डाव्यानं असं हाणून पुढचा सूर काढायचा. नुसतं डाव्यानं वाजवलं, तर जवळ बसलेल्यालाच ऐकू जाईल."

"जवळ बसतंय कोन माझ्या?" नथू म्हणाला, आणि शिकायला बसला.

लोक एखाद्या सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात. त्यांना नथूसमोर आणून बसवायला हवं होतं. त्याचं बोट तारेवर पडायचं आणि तार 'टक्' करून गप्प व्हायची. पुन्हा हाणायचा, पुन्हा टक्. कायतान कपाळाला हात लावायचा. शेवटी त्याच्या ध्यानात आलं. नथू बोट मारत होता आणि लगेच उचलत होता. ढोलावर तसंच लागतं. थाप मारून हात तिथंच ठेवला तर आवाज मेला. लहानपणापासून हातात मुरलेली ती खोड होती, आणि ती जायला तयार नव्हती.

"मारून पळतोस कुठं? मार आणि थांब," कायतान म्हणायचा. "बोट दाबून राहिलं तरच तार वाजत राहते."

थांबणं नथूला फार जड गेलं. बोटांची टोकं सोलली, मग त्यावर घट्टे आले. थोट्या हातानं वाद्याचं अंग दाबून धरताना खांदा भरून यायचा. पण हळूहळू तारा बोलू लागल्या. जाड तारेवर ढोलाचा घुमारा, बारीक तारेवर टिपरीचा ठोका, असं करत करत त्यानं लग्नात ढोलावर वाजते ती मांडवाची चाल चार तारांवर उतरवली. चारच, कारण कायताननं बदली होऊन जाताना आपलं जुनं वाद्य त्याला देऊन टाकलं, त्याच्या दोन तारा तुटलेल्या आणि पोटाला चीर गेलेली होती.

कायतान गेला आणि नथूला पुन्हा कुणी उरलं नाही. दुपारी चिमी लाकडांना गेली की तो मागच्या पडवीत कुडाच्या भिंतीला पाठ टेकून बसायचा आणि वाजवायचा. माणसाची चाहूल लागली की गिटार गोणपाटाखाली. आपलं हे वाजवणं कुणी ऐकलं तर हसेल, या भीतीनं नव्हे. कुणी ऐकलं आणि कीव केली तर, या भीतीनं.

त्यातच चिमीचं लग्न ठरलं. मुलगा मुरबाडच्या अंगाचा, टोकावड्याकडचा. आणि नथूच्या छातीवर धोंडा आला.

त्यांच्या घराण्यात रीत होती. हळदीला बसलेल्या लेकीसमोर पहिली थाप बापाची. बापानं मांडवाची चाल एकदा वाजवायची, मग बाकीच्यांनी ढोल उचलायचे. मुक्या मांडवातून लेक गेली तर तिला माहेराची ओढ राहत नाही, असं म्हातारी माणसं सांगत. नथूच्या थोरल्या बहिणीच्या वेळी त्यांचा बाप तापानं फणफणला होता, तरी दोघांनी धरून बसवून वाजवून घेतलं होतं.

"दादा, मी वाजवतो तुझ्या वतीनं," वाळू भीतभीत म्हणाला. "समदे समजून घेतील."

"बाप जिता हाये पोरीचा," नथू म्हणाला, आणि विषय तिथंच मोडला.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. चिमी पिवळीजर्द होऊन पाटावर बसली. नथू घरात गेला आणि गिटार घेऊन बाहेर आला. कुजबुज झाली, कुणी फिस्सकन हसलं, म्हाताऱ्यांनी हसणाऱ्याला दटावलं. नथू लेकीसमोर मांडी घालून बसला आणि त्यानं पहिलं बोट मारलं.

मारलं आणि थांबला. मग दुसरं, मग तिसरं. एकही बोट पळालं नाही. चाल अशी नितळ उतरत होती की नथूला आपला उजवा हात असल्याचा भास झाला. किती दिवसांनी त्याला सुख वाटलं! वर मांडवाचा पाला सळसळत होता, पोरं किंचाळत होती, बाया नवऱ्याकडच्यांविषयी बोलत होत्या. शेवटची तार सोडून नथूनं मान वर केली.

सगळे त्याच्याकडं बघत होते. वाट बघत होते.

"वाजव ना, दादा," वाळू हलकेच म्हणाला. "आमी थांबलूय."

मग नथूला उमगलं. अख्खी चाल वाजवून झाली होती आणि मांडवाला पत्ता नव्हता. आता परत वाजवली तरी कुणाला ऐकू जाणार नव्हती. त्याला वाटलं, उठावं आणि डोंगरात निघून जावं.

तेवढ्यात चिमी म्हणाली, "वाजिवलं की बानं. काका, उचल ढोल."

नवरीनं सांगितलं म्हटल्यावर कोण अडणार? ढोल घुमले, मांडव हलू लागला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि चिमी निघाली. सगळ्यांच्या पाया पडून ती नथूजवळ आली. रात्रभर त्याला एकच गोष्ट कुरतडत होती. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"खरं सांग, बाय. तुला ऐकू आलं?"

चिमीनं खाली बघितलं. "नाय, बा. त्या कालव्यात कुठलं ऐकू येतंय?"

नथू गाडीकडं बघू लागला.

"पन तुझी बोटं बघत व्हते मी. एक बी चुकलं नाय."

"तुला गो काय कळतंय त्यातलं?"

"रोज ऐकलंय ना," चिमी म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. "लाकडं टाकून लवकर यायची, कुडाच्या पल्याड बसायची. जाड तार कवा, बारीक तार कवा, समदं पाठ हाये मला."

"मंग आत का नाय आलीस?"

"आले असते तर थांबला असतास तू."

बैलगाडीवाल्यानं हाक दिली. चिमी गेली. टोकावडं काही सातासमुद्रापार नव्हतं, पण दर दुपारी येण्याइतकं जवळही नव्हतं.

मांडवातली माणसं पांगली तसा नथू मागच्या पडवीत जाऊन बसला. गिटार मांडीवर घेतली. इतके दिवस आपलं ऐकायला कुणी नाही असं धरून तो वाजवत आला होता, तेव्हा पाठीशी, कुडाच्या पल्याड, कुणीतरी होतं. आज खरंच कुणी नव्हतं.