गच्चीवरची जर्मन दुर्बीण

मी एक दुर्बीण बोलतेय. जत्रेत मिळते तसली नव्हे, जर्मन फौजेची. तिवईवर उभी राहणारी, कात्रीसारख्या उघडणाऱ्या दोन उंच नळ्यांची. माझ्या काचा वर आणि बघणाऱ्याचे डोळे खाली. म्हणजे बघणाऱ्याने खंदकात दडून बसायचं आणि माझ्या नळ्या तेवढ्या वर काढायच्या. माणसाने मला घडवलं तेच मुळी चोरून बघण्यासाठी. तेव्हा माणसाबद्दल माझ्याकडून चांगल्या शब्दाची फारशी अपेक्षा ठेवू नका.

माझ्या काचेत बारीक रेघा आखलेल्या आहेत. तोफेचा गोळा कुठे पडला, किती चुकला, पुढचा कुठे टाकायचा, हे त्या रेघांवरून ठरायचं. गोळा घरावर नेमका पडला की माझ्यापाशी बसलेला अधिकारी "छान" म्हणायचा आणि कॉफी मागवायचा. त्या "छान"ची मला आजही शिसारी येते.

युद्ध संपलं आणि मी लुटीचा माल झाले. कोणा गोऱ्या सैनिकाच्या सामानातून मुंबईला आले आणि वर्षानुवर्षं भंगारात गंजत पडले. तिथून मला रेवदंड्याच्या शिवदास तांडेलाने उचललं. तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा प्रमुख. इंजिनाचा भाग शोधायला गेलेला हा कोळी मला खांद्यावर टाकून घरी आला, तेव्हा त्याची बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "इंजिन कुटं हाय? ह्या शिंगांना घेऊन काय करू मी?"

शिवदासने मला खाडीच्या तोंडाशी, आपल्या ओट्यावर उभं केलं. होड्या परतायच्या वेळी कोळीवाड्यातल्या बायका यायच्या, मासळीच्या हातांनीच मला धरायच्या, माझ्या अंगाला खवले चिकटवायच्या. मी नाक मुरडायचे. पण खोटं कशाला बोलू, आयुष्यात तेवढ्याच काळात मला माझी लाज वाटली नाही. प्रत्येक होडीचा बावटा वेगळा. तो रेघांमध्ये दिसला की बाई ओरडायची, "आली गं, आपली आली!" आणि पोरं किनाऱ्याकडे धावत सुटायची.

एकच बावटा बघून कोणी ओरडत नसे. होडीवरचा माणूस दर्यात दगावला तर बावटा उतरवत नाहीत, काठीला गुंडाळून बांधतात. माणसं किनाऱ्याला लागण्याआधी बातमी लागावी म्हणून. ज्याला तो दिसेल त्याने अवाक्षर न काढता पाण्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं, अशी इथली रीत.

शिवदास गेला. त्याचा नातू परेश मासेमारीला नाही गेला. जवळच एक तीन मजली रिसॉर्ट झालं, तिथे पाहुण्यांच्या बॅगा उचलायला लागला आणि मालक खूश व्हावा म्हणून मलाही तिथे देऊन आला. मालक कुलदीप पनवेलकडचा. त्याने मला सोनेरी रंग फासला, गच्चीवर ठेवलं आणि बाजूला पाटी लावली, 'खरी नाझी दुर्बीण'. शेजारी प्लास्टिकची शिरस्त्राणं टांगली. आता पाहुणे ती डोक्यावर चढवतात, हात ताठ पुढे करून सलामी ठोकतात आणि फोटो काढून घेतात. ज्या सलामीपायी गावंच्या गावं माझ्या काचेसमोर जळाली, ती ही माणसं कांदाभजी खाता खाता मारतात. मला ओकता येत असतं तर मी त्यांच्या ताटात ओकले असते.

काहींना फोटोही नको असतो. ते मला खाली, बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांवर वळवतात. "झूम होतं का रे हे?" असं विचारतात. आणि मग हसतात.

गेल्या भाद्रपदात अचानक वारा उठला. होड्या घाईघाईने खाडीत शिरल्या. बायजाच्या अनंताची होडी तेवढी आली नाही. बायजा नवऱ्यामागे एकट्या पोरावर दिवस काढलेली म्हातारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अनवाणी रिसॉर्टचे जिने चढून वर आली.

"परेश, बाला, तुज्या आज्याची दुर्बीन हाय ना हितं? जरा बगू दे रं. आमची होरी न्हाय आली."

कुलदीप पुढे झाला. "आजी, अभी नाही. गेस्टचं शूट चालू आहे. थोडा वेळ खाली बसा."

परेशने आयुष्यात पहिल्यांदाच मालकाकडे दुर्लक्ष केलं. माझ्यापाशी उभ्या असलेल्या शिरस्त्राणवाल्याला त्याने हाताने बाजूला सारलं आणि म्हणाला, "ये काकी, बघ."

तिने डोळा लावला. तिची पापणी माझ्या काचेवर घासत होती. मी जीव एकवटला. माझ्यात जीव आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या क्षणी होता. रेघांपलीकडे एक ठिपका आला, मोठा झाला. होडी! लाल-पिवळा बावटा, अनंताचाच. काठीला घट्ट गुंडाळलेला. सुकाणूवर अनंता नव्हता, दुसराच कोणी होता. पुढच्या बाजूला ताडपत्रीखाली काहीतरी लांब झाकून ठेवलेलं होतं.

बायजा ओरडली नाही.

कुलदीपने उघड्या डोळ्यांनीही ओळखलं असतं, पण ओळखायला माहीत तर हवं. खिशातला मोबाईल काढून त्याने समोरचं दृश्य मोठं केलं आणि टाळी वाजवली. "अरे, आली ना बोट! झेंडापण गुंडाळला, म्हणजे पॅकअप! टेन्शन नॉट, आजी!" गच्चीवर शिट्ट्या वाजल्या. शिरस्त्राणवाल्यांनी टाळ्या पिटल्या. एक मुलगी बायजाचा चेहरा जवळून टिपत म्हणाली, "आजी, स्माईल!"

"आली," एवढंच बायजा म्हणाली. पदर सावरला आणि जिना उतरून पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. परेश तिच्यामागे गेला.

तो व्हिडिओ लोकांना फार आवडला म्हणे. 'मुलाची बोट दिसते तेव्हा आई.' खाली हजारो हृदयं. अनंताचं खरं काय झालं ते कुलदीपला संध्याकाळी कळलं. "च्यायला," म्हणाला. दहाव्याच्या आत त्याने परेशला बोलावलं. "तो व्हिडिओ जाहिरातीत टाकायचाय, पण आवाज नीट आला नाहीये रे. म्हातारीला विचार ना, एकदा परत येऊन बघेल का? फक्त बघायचं."

परेश गेला. त्या वेळी माझं तोंड कोळीवाड्याकडेच होतं. तो बायजाच्या घराकडे वळलाच नाही. ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला डोकं धरून बसला, आणि वर येऊन सांगितलं, "न्हाय म्हणाली."

"जाऊ दे. दुसरी कोणीतरी बघ."

दुसरी आली. अलिबागची, नाटकात कामं करणारी. भाड्याचं लुगडं नेसली, कपाळभर कुंकू लावलं, मला डोळा लावला. समोर खाडी रिकामी होती. तिने "आली!" म्हणून अशी काही किंकाळी फोडली की कुलदीपच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसत तो म्हणाला, "छान."

परेश, तू अजून रोज मला पुसायला येतोस. एक दिवस कापडाऐवजी हातोडा आण. माझ्या काचा फोड. कोणाला कळणारसुद्धा नाही, फोटोत मी अशीच दिसेन.