इमाचे पाय

"लंगड्यांच्या रांगेत हिचं काय काम?" मठाच्या दारात पाव वाटणाऱ्या बंधू फोल्कार्डने लीवाच्या मुलीसमोरून, इमासमोरून, टोपली उचलली.

"अहो, पाय उचलत नाहीत तिचे," लीवा म्हणाली. "दिसत नाही होय?"

"संतांनी बरं केलंय तिला. ग्रंथात नोंद आहे. विचार की, लिहिणारे हे काय उभेच आहेत."

ओडोमारने मान खाली घातली. मठाचा इतिवृत्तकार तोच. राजे कधी मेले, नदी कधी गोठली, सगळं त्याच्याच लॅटिनमध्ये उतरलेलं. उन्हाळी उत्सवात लंगडी इमा संताच्या समाधीपासून उठून चार पावलं धावली, तेव्हा डोळे पुसत पुसतच त्याने ते लिहिलं होतं. तेव्हापासून दर रविवारी ते यात्रेकरूंना वाचून दाखवलं जाई. पण पानगळ सुरू व्हायच्या आतच इमाचे पाय पुन्हा लुळे पडले. गावात कुजबुज सुरू झाली, संताचं दान पोरीने नासवलं, तिच्या अंगात सैतान आहे.

ओडोमार तडक मठाधिपतींकडे गेला. "दुखणं उलटलं, एवढी एक ओळ घालू द्या."

"ती धावताना तू डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग खोटं काय लिहिलंस? पुढचं लिहायला कोणी सांगितलंय? अरे, त्या चार पावलांसाठी यात्रेकरू दान टाकतात, त्यावर चर्चचं छप्पर उभं राहतंय."

बाहेर येऊन ओडोमारने लीवाला सांगितलं, "लिहू देत नाहीत."

"मला मेलीला कुठं वाचता येतंय?" ती फणकारली. "तोंड आहे ना तुम्हाला? आमच्या भाषेत सांगा की लोकांना!"

रविवारी चमत्काराचं वाचन संपलं आणि ओडोमार उठला.

"हे मीच लिहिलंय," तो गावच्या बोलीत म्हणाला. "ती धावली, हे खरं. पाय पुन्हा लुळे पडले, हेही खरं. पोरीचा काही दोष नाही. ती लंगडीच आहे."

मठाधिपतींनी त्याच्याकडे न बघता नुसता हात पुढे केला. ओडोमारने कमरेची लेखणी सोडून त्या हातावर ठेवली.

दारात फोल्कार्डने मुकाट्याने इमाच्या ओटीत पाव टाकले. लीवा ओडोमारच्या झग्याचं टोक धरून रडत होती. इमाने मात्र पावाला हात लावला नाही.

"ओडोमारबाबा," ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही लिहिलंय म्हणजे येईल परत चालता. आता नाही ना यायचं?"

ओडोमार तिच्यापुढे गुडघे टेकून बसला. शाईने काळ्या पडलेल्या बोटांनी तो तिची गार पावलं चोळत राहिला.