बाटलीतलं पाणी

दुकानदाराने बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून त्यात क्षार मोजायच्या मीटरची टोके बुडवली, आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि खुशीत मान डोलावली. "नशीबवान आहात. इतकं हलकं पाणी या भागात कुणाकडे येत नाही. तुम्हाला मोठ्या यंत्रणेची गरजच नाही. हातगाडीवरचा संच घेऊन जा."

दाजींचा चेहरा खुलला. त्यांच्या मागे उभा असलेला टेकू मात्र मीटरवरच्या आकड्याकडे बघत राहिला.

टेकू हा दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. दाजी इमारतींच्या काचा पुसत. ते शिडीवर चढत आणि हा खाली, पहिल्या पायरीवर पाय रोवून, दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राही. स्वतः चढायला गेला की दुसऱ्याच पायरीवर त्याला गरगरे. म्हणून टेकू. येणारेजाणारे चेष्टा करत, नुसतं उभं राहायचेही पैसे मिळतात का रे बाबा? तो हसे. वर माणूस लटकलेला असताना खाली उभे राहणे काय असते, हे त्या वरच्या माणसाला ठाऊक आणि त्याच्याही वरच्याला.

पण आता शिडीचेच दिवस भरले होते. ज्या हॉस्पिटलचे काम त्यांच्याकडे होते, तिथल्या व्यवस्थापकाने स्वच्छ सांगून टाकले होते की पुढच्या महिन्यापासून आवारात शिडी दिसता कामा नये. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या ब्रशने काचा धुवायच्या, पाणी त्या दांड्यातूनच वर जाणार. पुसायचे नाही. काच ओलीच सोडून पुढे जायचे. फक्त पाणी इतके शुद्ध हवे की वाळल्यावर मागे काही उरू नये. साध्या पाण्यातले क्षार काचेवर पांढरे ठिपके होऊन बसतात.

ते शुद्ध करायच्या दोन तऱ्हा होत्या. एक हातगाडीवरची, क्षार शोषून घेणारे रेझिनचे दाणे भरलेल्या नळकांड्याची. स्वस्त आणि सुटसुटीत, पण पाणी जड असले की दाणे बघता बघता निकामी होतात. दुसरीत आधी आरओ, मग रेझिन, शिवाय टाकी, पंप, नळीचे रीळ, सगळे गाडीतच बसवलेले. महाग, पण कसल्याही पाण्याला पुरून उरणारी. ती बसवायची तर गाडीतली दुसरी सीट काढावी लागणार होती. त्या सीटवर इतकी वर्षे टेकू बसत आला होता.

दाजी सकाळीच जेवताना म्हणाले होते की हातगाडी घेतली तर ती ओढायला आणि नळ्या सांभाळायला दुसरा माणूस लागेलच. आणि मोठी यंत्रणा घेतली तर, असे ताईने विचारले तेव्हा ते ताटाकडे बघत म्हणाले, "मग बघू." त्या 'बघू'चा अर्थ तिघांनाही कळला. पन्नाशी उलटलेल्या, शिडी धरण्यापलीकडे काही न शिकलेल्या माणसाला दुसरे कोण विचारणार?

निघताना तपासायला न्यायची नळाच्या पाण्याची बाटली टेकूच भरणार होता. ताईने ती त्याच्या हातून काढून घेतली. "तू चपला घाल, मी देते भरून."

आता मीटरवरचा आकडा बघून त्याला सगळे उमगले. त्यांच्या नळाच्या तोटीवर क्षारांचे कवच धरलेले, किटलीच्या बुडाशी खरवडूनही न निघणारा थर. त्या पाण्याचा हा आकडा येणेच शक्य नव्हते. ताईने स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचे पाणी भरले होते. भावासाठी.

गप्प बसले की झाले. दुकानदार हातगाडीचे दर सांगत होता, दाजी घासाघीस करत होते. टेकू मनातल्या मनात म्हणाला, देवा, एवढी एक वेळ मला गप्प बसू दे. पण त्याला हॉस्पिटलच्या काचा दिसत होत्या. आतून बघणारे आजारी लोक, काचभर पांढरे ठिपके आणि व्यवस्थापकापुढे मान खाली घालून उभे असलेले दाजी.

"हे नळाचं पाणी नाही," तो म्हणाला.

दाजी वळले. "मग कुठलं?"

"फिल्टरचं. मी भरलं."

"चुकून?"

हो म्हटले असते तर भागले असते. पण त्या एका शब्दात दाजींनी विचारायचे ते सगळे विचारून घेतले होते, आणि टेकूला खोटे एकदाच जमण्यासारखे होते. तो जमिनीकडे बघत राहिला.

"इतकी वर्षं माझी शिडी तुझ्या हातात होती," दाजी अगदी हळू आवाजात म्हणाले. "एकदासुद्धा खाली वाकून बघितलं नाही मी."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः नळाचे पाणी घेऊन गेले. आकडा कितीतरी पटींनी वर चढला. मोठी यंत्रणा ठरली.

त्या संध्याकाळी ताई भांडी घासत होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

"कुणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला?"

"काचांवर डाग पडले असते, ताई."

"पडू देत की. काच काय उपाशी मरते?"

तो थोडा वेळ दारात घुटमळला. तिने नवऱ्याला खरे काय ते सांगावे, असे त्याला वाटत होते. तसे म्हणायला मात्र जीभ रेटेना. ताईला ते न बोलताच कळले. तिने पातेले पालथे घातले आणि हात तसेच ओले ठेवून म्हणाली, "मला त्यांच्यासोबत जन्म काढायचाय रे. तुझ्यावर काय, चार दिवस चिडतील."

चार दिवस गेले आणि आणखीही बरेच गेले. दाजी त्याला टाकून बोलले नाहीत. त्याला जेवायला वाढले का, एवढे बायकोला विचारत. त्याच्याशी मात्र बोलायचे थांबले.

हॉस्पिटलच्या कामाचा पहिला दिवस उजाडला तेव्हा टेकूच्याने घरी बसवेना. तो पायी निघाला आणि आवाराच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. दाजी एकटेच दांडा पेलत होते. तिसऱ्या मजल्यापर्यंत ब्रश फिरत होता, पाणी ओघळत होते. पहिल्या काचा वाळत आल्या होत्या. टेकूने एकेक काच निरखली. कुठे तरी एखादा ठिपका असेल, अशी आशा आपण धरून आहोत हे ध्यानात आले तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली.

दाजींनी त्याला पाहिले. "काय, डाग पडलेत का बघायला आलास?"

"नाही पडले, दाजी. एकही नाही."

"पडणार कसे? या वेळी पाणी मी भरलंय."

ते पाठ फिरवून पुढच्या खिडकीकडे सरकले. थोडे अंतर गेल्यावर त्यांच्यामागून येणारी नळी पायरीच्या कोपऱ्याला अडकून ताणली. दाजींनी मागे न बघताच एक हिसका दिला. नळी हलेना. टेकू आत गेला, खाली वाकला, नळी कोपऱ्यातून सोडवली आणि सरळ करून फरशीवर ठेवली.

दाजींनी पुन्हा ओढली. या वेळी ती अलगद आली. आपल्याच जोराने सुटली असे वाटून त्यांनी दांडा वर उचलला, आणि टेकू पावलांचा आवाज न करता फाटकाबाहेर पडला.