सगळेच एका पत्त्यावरचे

जपानमधल्या हिमी गावच्या बाजारपेठ संघाने मुरवलेल्या मुळ्याची स्पर्धा ठेवली होती. मतं घ्यायला होता कुनियासु-सानचा वीस वर्षांपूर्वीचा, पर्ल या संगणकभाषेतला प्रोग्रॅम. लेक रांगत होती तेव्हा तिला मांडीवर घेऊन, एका हाताने लिहिलेला. आज तो नव्या सर्व्हरवर गेला होता आणि त्याच्यापुढे येणारी प्रत्येक विनंती आत पोचवणारा एक छोटासा प्रॉक्सी दारवान म्हणून बसवला होता. बारापर्यंत नीट चालला तर ठीक, नाहीतर संघाच्या सचिव हामाते-सान हे काम तोयामा शहरातल्या एका कंपनीला देणार होत्या.

साडेदहाला त्याच हजर झाल्या, हातात आपल्या मुळ्याची बरणी.

"कुनियासु-सान, मत एकच पडलंय."

"कुणाचं?"

"माझं."

"कुणाच्या मुळ्याला?"

"असं विचारतात का कुणी?" म्हणाल्या खऱ्या, पण कान लाल झाले.

बाकी सगळ्यांना एकच उत्तर मिळत होतं: आपण आधीच मत दिलं आहे, क्षमस्व.

"माफी तरी मागतोय," शेजारच्या टेबलावरची सहकारी त्सुगुमी म्हणाली. "अगदी तुमच्यावर गेलाय हो."

"माझा प्रोग्रॅम खोटं बोलत नाही," कुनियासु-सान पुटपुटला आणि त्याने नोंदी उघडल्या. एका पत्त्याला एकच मत असा प्रोग्रॅमचा नियम, आणि प्रत्येक ओळीत पाहुण्याचा पत्ता तोच, या सर्व्हरचा स्वतःचा.

त्सुगुमी डोकावली आणि खुदकन हसली. "दारवान सगळ्यांची व्हिजिटिंग कार्डं घेतो, खिशात घालतो आणि आत स्वतःचंच देतो! आतला तुमचा म्हातारा प्रोग्रॅम बिचारा म्हणतो, अरे, तू तर मघाशीच येऊन गेलास!"

कुनियासु-सानने कपाळावर हात मारला. तीस वर्षं दोन्ही हातांनी कार्डं घेण्यादेण्यात गेली, आणि दारवानाला तेवढंच शिकवायचं राहिलं. त्याने प्रॉक्सीला एक ओळ लिहून दिली: पाहुण्याचा खरा पत्ता आत कळव. प्रोग्रॅमला दुसरी: पण ही चिठ्ठी आपल्या दारवानाने आणली असेल तरच खरी मान. मग दोघांनाही पुन्हा सुरू केलं.

दोन मतं. नऊ. पावणेबाराला एकतीस.

हामाते-साननी चष्मा लावला. "माझा मुळा कितवा?"

"सहावा."

त्यांनी चष्मा काढला. मग बरणी टेबलावर ठेवत म्हणाल्या, "तोयामाला नाही म्हणून कळवते. पण मघाशी तुमचा म्हातारा जास्त समजूतदार होता."

त्या गेल्यावर कुनियासु-सानने एक फोड तोंडात टाकली, हळूहळू चावली.

"कसा आहे?" त्सुगुमीने विचारलं.

"लोक फार दयाळू आहेत," तो म्हणाला, आणि आपलं मत द्यायला वळला.