बारा लाल दिवे

उद्या सकाळी तैनानला माझा साखरपुडा, हातात तीन चाळीसच्या गाडीचं तिकीट, आणि अडीच वाजता आमचे टीमप्रमुख लियाओदादा म्हणतात, "शिनरू, पान काकांचं निस्तरल्याशिवाय शिंजू शहर सोडायचं नाही!"

पान काकांचा कीलुंगला मासळीचा कारखाना आहे. त्यांच्या बारा शीतखोल्यांचं तापमान आमचा प्रोग्रॅम लावतो. प्रत्येक खोलीला एक आज्ञा; काका रोज सकाळी बाराही चालवतात. पण खोली आधीच ठरलेल्या उणे अठरावर असली की आज्ञा उत्तरादाखल सतरा हा आकडा देते, म्हणजे 'चूक, हे आधीच आहे', आणि लाल दिवा लागतो. रोज बारा लाल दिवे! मग काका मला फोन करतात. तीन महिने मी सकाळचं सोयादूध त्यांच्या शिव्या खात पितेय.

"उत्तरात सतराच्या जागी शून्य टाकू," मी म्हटलं. "शून्य म्हणजे सगळं ठीक. हवं तसं आहे ना? मग चूक कसली?"

"पण आज्ञेनं काम कुठे केलं? फुकटचं कौतुक कशाला?"

माझं डोकंच फिरलं. "दादा, तुम्ही रोज विचारता, जेवलीस का? मी म्हणते, जेवले. तेव्हा ओरडता का, चूक, ही आधीच जेवली?"

अख्खं ऑफिस खिदळलं. दादांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "कर बाई शून्य!"

केलं. काकांना फोनवर धरून आज्ञा चालवल्या. हिरवा, हिरवा, हिरवा... आणि नववा लाल. आकडा बावीस, म्हणजे तापमानच चुकीचं, आज्ञा नाकारली. बघते तर उणे अठराऐवजी उणे ऐंशी! आणि ती ओळ लिहिली होती कोणी? मीच, बाई, मीच! बारा लाल दिव्यांत तो एक खरा कुणाला दिसणार?

"काका, चूक माझी आहे. नऊ नंबरची खोली कधी गोठलीच नाही. काय ठेवता तिथे?"

"कोलंबी," काका म्हणाले.

मी आकडा दुरुस्त केला. बाराही हिरवे! मी खुर्चीतच उडी मारली. दादा दाराकडे बोट दाखवून ओरडत होते, "पळ, गाडी चुकेल!"

"काका, ठेवू का फोन?"

"ठेव, ठेव. मला मेहुण्याला फोन करायचाय. सडकी कोलंबी देतोस म्हणून तीन महिने त्याला घरात घेतलं नाही मी."