सलीमाबाईंची बुटकी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. जुन्या वस्तू मायाळू असतात, असं तुम्हाला वाटत असेल, तर आधीच सांगते, मी तशी नाही. मला राग चटकन येतो आणि आला की तो मुरतो. लाकडात पाणी मुरतं तसा.

महाडच्या मोरू सुताराने मला घडवलं. मी एका धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी होते. मोरूने माझे पाय मुद्दाम उंच ठेवले आणि पाठीवर वेलबुट्टी कोरली. डॉक्टर माझ्यावर बसले की समोरच्या बाकड्यावरचा रोगी मान वर करून बोलायचा. ते मला फार आवडायचं. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय झोकदार खुर्ची हाय!" आणि मी आणखी ताठ व्हायचे.

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा दवाखान्यात सलीमाबाई आल्या. महाडच्याच एका तांदळाच्या व्यापाऱ्याची ही मुलगी. मुंबईला जाऊन समाजकार्य शिकलेली. औषधाच्या बाटलीत न मावणारं दुखणं ऐकून घ्यायचं, हे त्यांचं काम. डॉक्टर हसून म्हणाले, "ऐकून घ्यायला पगार?" पण त्यांना मागची खोली मिळाली आणि डॉक्टरांची नवी खुर्ची आल्यामुळे मीही मिळाले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोरूला बोलावून माझे पाय कापायला सांगितले.

मोरू कळवळला. "बाय, चांगल्या खुर्चीचं पाय कापायचं? काय गुन्हा तिचा?"

"समोर बसणाऱ्याला मान वर करून बोलावं लागतं, मोरूमामा. दोघांचे डोळे एका रेषेत आले पाहिजेत."

करवत फिरली. मी बुटकी झाले, समोरच्या साध्या खुर्चीएवढी. त्या दिवसापासून मी सलीमाबाईंवर डूख धरला. माझ्या बुडाशी एक खिळा वर आला होता. त्यात मी त्यांचं नवंकोरं पातळ अडकवून टर्रकन फाडलं. त्यांनी खिळा ठोकून घेतला आणि पुन्हा माझ्यावरच बसल्या. या बाईचं काय करावं, मला कळेना.

मग तुळजाबाई आली.

तिला तिचा भाऊ सहदेव तुडीलहून घेऊन आला. तिच्याकडे बघवत नव्हतं. केस कातरलेले, अंगावर मांस नाही आणि दोन्ही मनगटांना काळे वळ. सहदेवने दारातच उभं राहून सगळं सांगितलं. तिचा नवरा कुशाबा कापडे गावचा. कुशाबाचा थोरला भाऊ कोंडाजी याने आपल्या कामासाठी त्याला भर पावसात खेडला धाडलं आणि कशेडीत दरड कोसळून कुशाबा गेला. तुळजाबाई रोज कोंडाजीच्या अंगणात उभी राहून ओरडायची, "तूच धाडलास त्येला!" कोंडाजी गावातलं मोठं प्रस्थ, पालखीचा मानकरी. त्याने गावाला सांगितलं, हिला बाधा झाली. आणि तिला गोठ्यात मेढीला, म्हणजे खांबाला, बांधून घातली. श्रावणात बांधली, ती भात कापायला आलं तेव्हा सहदेवने जाऊन सोडवली. सगळं गाव त्या गोठ्यावरून जात-येत होतं.

सलीमाबाई म्हणाल्या, "तुळजाबाई, बसा."

ती खाली भुईवर बसली. सलीमाबाई माझ्यावरून उठल्या आणि तिच्या शेजारी भुईवर बसल्या. मी रिकामी. म्हणाल्या, "इथं बोललेलं मी बाहेर सांगत नाही. कुणाच्या जिवावर बेतणार असेल तेवढंच सांगावं लागेल, तेही तुम्हाला आधी सांगून. बोलायचं नसेल तर बोलू नका. दर बुधवारी ही वेळ तुमची."

कितीतरी बुधवार तुळजाबाई बोललीच नाही. सलीमाबाईंनीही खोदून विचारलं नाही. दोघी भिंतीला टेकून बसायच्या. एकदा तुळजाबाई आली ती सरळ माझ्यावर बसली. हलकी होती हो, वाळल्या काटकीसारखी. तिने दोन्ही हातांनी माझे हात आवळून धरले आणि म्हणाली,

"मला त्येचे हात पायजेत. कोंडाजीचे. मनगटापास्नं."

मला वाटलं, आता सलीमाबाई म्हणणार, असं बोलू नये, देव बघतो, विसरून जा. सगळे तेच म्हणत होते. सहदेवसुद्धा. पण सलीमाबाईंनी विचारलं, "मिळाले तर काय कराल?"

तुळजाबाई चकित झाली. आणि मग बांध फुटावा तशी बोलली. ते हात ती मेढीला बांधणार होती. त्यांच्यापुढे कोंडा टाकणार होती, जसा तिच्यापुढे टाकला होता. दर बुधवारी ती नवा सूड घेऊन यायची आणि सलीमाबाई तो शेवटपर्यंत ऐकायच्या. मित्रांनो, खरं सांगते, तिच्या अंगाखाली मला माझाच राग ऐकू यायचा. तुळजाबाई दिवसागणिक जड होऊ लागली. जेवू लागली होती.

ती दर बुधवारी दवाखान्यात येते, ही बातमी कापड्याला गेली. पौष संपता संपता कोंडाजी दवाखान्यात हजर. पांढरं धोतर, डोक्याला फेटा. डॉक्टरांनी सलीमाबाईंच्या कानाशी लागून सांगितलं, "मोठा माणूस आहे, सांभाळून घ्या." तो न विचारता माझ्यावर बसला.

"आमच्या घरची सून हितं येऊन काय बरळती, त्ये आमाला कळाया पायजे. आमच्या घराची गोष्ट हाय."

"ते मी सांगू शकत नाही," सलीमाबाई म्हणाल्या.

"आवो, येडी हाय ती!"

"इथं कोण येतं आणि काय बोलतं, ते मी कुणालाच सांगत नाही. तुम्ही आलात हेही सांगणार नाही."

तो उठताना मी पाय सरकवला. तो धडपडला, पण पडला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

सलीमाबाईंनी सांगितलं नाही, पण बाजारातल्या लोकांनी सांगितलं. पुढच्या बुधवारी तुळजाबाईच्या पदराखाली कोयता होता. तिने तो काढून मांडीवर ठेवला. "आज हितनं सरळ कापड्याला. आता बोलनं संपलं."

सलीमाबाईंनी कोयत्याकडे पाहिलं. पण आवाज चढला नाही. "तुळजाबाई, तुमचा राग मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. तो तुमचा आहे आणि तो खरा आहे. पण हा कोयता घेऊन निघालात, तर मी फौजदाराला कळवीन. पाठीमागून काही करायचं नाही, म्हणून तोंडावर सांगते."

"मंग तूबी त्यातलीच!" तुळजाबाई किंचाळली. ती उभी राहिली, कोयता उगारला आणि होत्या नव्हत्या ताकदीनिशी माझ्या उजव्या हातावर घातला. पातं लाकडात रुतलं. ते तसंच सोडून ती निघून गेली.

सलीमाबाई माझ्याजवळ आल्या. मग त्यांनी कोयता उपसून काढला आणि माझ्या जखमेवरून बोट फिरवलं. मला पहिल्यांदाच वाटलं, या बाईला लाकूडही कळतं.

पुढचे काही बुधवार तुळजाबाई आली नाही. त्या वेळेला बाहेर रांग असली तरी सलीमाबाई दुसऱ्या कुणाला आत घेत नसत. मला पुसून ठेवत आणि समोर बसत. डॉक्टर म्हणाले, "ती काही आता येत नाही." त्या म्हणाल्या, "वेळ तिची आहे. आली नाही तरी तिचीच."

आणि ती आली. दारात थबकून म्हणाली, "तुला राग नाय आला?"

"आला. भीतीही वाटली. तुम्ही आलात, बरं वाटलं."

ती बसली. म्हणाली, "मी लई इचार केला, बाय. त्यो मेला तर सुटंल. मला त्यो सुटायला नको हाय."

"मग काय झालं म्हणजे तुमचं मन भरेल?"

"बगायला पायजे. सगळ्यांनी. गोठ्यावरनं जाताना ज्यांनी माना फिरवल्या, त्यांनीबी."

काय करायचं ते सलीमाबाईंनी सुचवलं नाही. इतकंच म्हणाल्या, "एकट्या जाऊ नका. सहदेवना बरोबर घ्या. आणि परत आल्यावर इथं या."

शिमग्याला मी कापड्यात नव्हते. जे झालं ते तुळजाबाईने माझ्यावर बसून सांगितलं, तसं सांगते. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, तिच्या दगडी ओट्यावर बसली होती. मुंबईचे चाकरमानी आले होते, सगळा गाव गोळा झाला होता. पालखीला पहिला खांदा कोंडाजीचा. तो खाली वाकला आणि तुळजाबाई गर्दी फोडून त्याच्या पुढ्यात आली. हातात गुराचं दावं. तिने ते त्याच्यापुढे टाकलं, दोन्ही मनगटं पुढे केली आणि म्हणाली,

"भावजी, बांदा. गोठ्यात बांदलीत तशी देवाच्या म्होरं बांदा. मी येडी हाय ना?"

ढोल थांबले. कोंडाजी म्हणाला, "बाजूला हो." ती हलली नाही. "बांदा की! हात का कापतात?"

तेव्हा म्हातारी ठकूबाई पुढे आली. कोंडाजीची सख्खी चुलती. म्हणाली, "मी रोज बगत व्हते गो. मी गप ऱ्हायले." मग आणखी एकजण बोलली. मग आणखी एक. पुरुष भुईकडे बघत राहिले. गावच्या जाणत्यांनी कोंडाजीला बाजूला केलं आणि पालखीला पहिला खांदा दुसऱ्याने दिला. तो मान त्याच्याकडे पुन्हा आला नाही. तो दिसला की पोरं गुरांसारखी हंबरायची आणि कुणी त्यांना रागे भरायचं नाही.

"माफ केलंत का?" सलीमाबाईंनी विचारलं.

"नाय," तुळजाबाई म्हणाली. "करनारबी नाय. पन आता भूक लागती."

पावसाळा तोंडावर असताना कोंडाजी पुन्हा आला. फेटा नव्हता. या वेळी "बसू का?" म्हणून विचारलं. दार लावून घेतलं. बराच वेळ बसला. शेवटी सलीमाबाई म्हणाल्या, "तुमचं ऐकायला कुणीतरी हवं, हे खरं आहे. पण ते माणूस मी नव्हे. मी तुळजाबाईंची आहे." त्यांनी त्याला मुंबईच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि दारापर्यंत पोहोचवलं.

बुधवारी तुळजाबाई आली ती पेटलेलीच. "त्यो आलता म्हनं. रडला का, बाय? येवढंच सांग."

"कोण आलं आणि काय झालं, ते मी सांगत नाही."

"माज्या दुश्मनाचंबी झाकतीस?"

"हो."

तुळजाबाईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग सावकाश मागे टेकली. "मंग माजंबी कुटं गेलं नसंल," म्हणाली आणि सावरून नीट बसली.

पुढे सलीमाबाई मुंबईला गेल्या. दवाखान्यात लोखंडी खुर्च्या आल्या. मी आता अडगळीत आहे. छत गळतं, वाळवी लागली आहे. मला कुणी विचारत नाही, त्याचाही राग आहेच.

मित्रांनो, तुमच्यापुढे कुणी रागाने थरथरत येऊन बसलं, तर "जाऊ दे, विसर" असं म्हणू नका. त्याला बसू द्या. त्याच्या डोळ्यांइतकेच खाली या. त्याचा राग तुमच्या हवाली झाला, तर तो सांभाळा, बाजारात नेऊ नका. माणसाच्या दुखण्याची राखण अशीच करावी लागते. सलीमाबाईंनी ती मरेपर्यंत केली, असं ऐकते.

मी काही सलीमाबाई नाही. मी लाकूड आहे आणि मला कुणी शपथ घातलेली नाही. म्हणून सांगते. कोंडाजी रडला. "डोळं मिटलं की तिची मनगटं दिसतात" असं म्हणत, ओंजळीत तोंड खुपसून, लहान पोरासारखा हुंदके देत रडला. त्याच्या ओझ्याखाली मी मुद्दाम करकरत होते. सुखाने.

तुळजाबाईला ते कधीच कळलं नाही. निदान तुम्हाला तरी कळू दे.